सिकंदर कुणाचा?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत देश इंग्रजी वर्णानुक्रमानं बसतात. १९९३ सालच्या एप्रिल महिन्यात तिथं एक नवा देश दाखल झाला आणि त्याला बसवायचं कुठं, हाच प्रश्न पडला. देश स्वतःला मॅसिडोनिया म्हणवत होता, म्हणजे त्याची जागा 'एम' अक्षराखाली. शेजारच्या ग्रीसनं हरकत घेतली. ते नाव आमचं आहे, त्या नावानं दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही, असं त्याचं म्हणणं. मग तडजोड निघाली. कायमचं नाव ठरेपर्यंत या देशाचा उल्लेख 'पूर्वाश्रमीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया' असा करायचा. आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या नावापुढे कंसात 'पूर्वाश्रमीच्या अमुक' असं लिहितात, त्यातलाच प्रकार. पण तरी खुर्चीचा प्रश्न सुटेना. 'पूर्वाश्रमीचं' याला इंग्रजीत 'फॉर्मर', म्हणून 'एफ'खाली बसवावं, तर ते त्या देशाला नको. अखेर त्या लांबलचक उल्लेखाच्या आधी जे इंग्रजी 'द' लागतं, ते धरून त्याला 'टी' अक्षराखाली, थायलंडच्या शेजारी बसवण्यात आलं. खुर्ची मिळाली तरी इमारतीबाहेर त्याचा झेंडा काही फडकला नाही. त्या झेंड्याबद्दलही भांडण होतं.

हे वाचून हसू येतं, आणि यावं. पण या भांडणात एका चिमुकल्या देशाची बंदरवाट दीड वर्षाहून अधिक काळ बंद झाली, सरकारं पडली, लाखो लोक रस्त्यावर उतरले, आणि जवळपास सव्वीस वर्षं एका राष्ट्राच्या कपाळावर 'तात्पुरतं' अशी चिठ्ठी डकवलेली राहिली. नावात काय आहे, असं सहज विचारणाऱ्यानं एकदा बाल्कन प्रदेशाचा नकाशा उघडून बसावं.

देश खरोखरच लहान. महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी क्षेत्रफळ, आणि २०२१च्या जनगणनेत वस्ती साधारण अठरा लाख. समुद्र नाही. उत्तरेला सर्बिया आणि कोसोव्हो, पूर्वेला बल्गेरिया, पश्चिमेला अल्बानिया, दक्षिणेला ग्रीस. राजधानी स्कोपिये. आपल्यापैकी बहुतेकांना हे शहर नावानं ठाऊक नसेल, पण तिथं जन्मलेल्या एका मुलीला सगळं जग कोलकात्याची म्हणून ओळखतं. मदर तेरेसांचा जन्म १९१० साली याच शहरात, एका अल्बेनियन कॅथलिक कुटुंबात झाला. त्या वेळी तिथं उस्मानी तुर्कांचं राज्य होतं आणि शहराला उस्कूप म्हणत. तुर्की भाषेतला मोठा कवी याह्या केमाल बेयातली, तोही याच उस्कूपचा. म्हणजे एकाच गावानं एक संत आणि एक कवी दिला, आणि दोघांनीही ज्या भाषांमध्ये आयुष्य काढलं त्यांपैकी एकही आज त्या देशाचं नाव जिच्यावरून आहे ती भाषा नाही. या मुलुखाचा स्वभाव इथंच कळतो.

आता मूळ वाद. मॅसिडोनिया म्हटलं की ग्रीक माणसाच्या डोळ्यांपुढे येतो अलेक्झांडर, त्याचा बाप फिलिप, आणि पेल्ला हे त्यांचं राजधानीचं नगर. पेल्ला आजच्या ग्रीसमध्ये आहे. १९७७ साली मानोलिस आंद्रोनिकोस या संशोधकानं ग्रीसमधल्याच व्हेर्गिना इथं एका मोठ्या टेकाडाखाली राजघराण्याची थडगी शोधून काढली. ती फिलिपची आहेत असं त्यानं सांगितलं. तिथं एक सोन्याची पेटी सापडली, तिच्या झाकणावर सोळा किरणांचा सूर्य कोरलेला होता. ग्रीकांना तो सूर्य म्हणजे घरच्या देव्हाऱ्यातला टाक वाटतो. आणि युगोस्लाव्हियापासून वेगळा झालेल्या या नव्या देशानं १९९२ साली काय करावं? लाल कापडावर नेमका तोच सूर्य काढून आपला राष्ट्रध्वज केला.

नव्या देशातले बहुसंख्य लोक स्लाव्ह वंशाचे. त्यांचे पूर्वज या मुलखात आले ते इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकात, म्हणजे अलेक्झांडर मेल्यानंतर नऊशे वर्षांनी. त्यांच्या भाषेचा आणि अलेक्झांडरच्या भाषेचा काही संबंध नाही. हे त्यांच्यातल्या शहाण्यांनाही माहीत होतं. देशाचे पहिले अध्यक्ष किरो ग्लिगोरोव्ह यांनी तर जाहीरपणे सांगितलं होतं की आम्ही स्लाव्ह आहोत, अलेक्झांडरचे वंशज नाही. मग त्यांनी मॅसिडोनिया हे नाव का घेतलं? कारण नाव माणसांचंच असतं असं नाही, ते जमिनीचंही असतं. आणि शतकानुशतकं तुम्ही ज्या जमिनीवर राहता तिचं नाव तुम्हाला चिकटतं. या लोकांनी ते नाव १९९१ साली उठून कुठून तरी चोरून आणलं नव्हतं. त्यांचे आजे-पणजेही स्वतःला मॅसिडोनियाचे म्हणत होते.

अलेक्झांडरबद्दल बोलतो आहे तर एक गोष्ट सांगून पुढे जातो. हा माणूस आमच्याकडे कधीचाच घरचा झाला आहे. अरबी कानांना 'अलेक्झांडर' मधलं 'अल' हे आपलं उपपद वाटलं, ते त्यांनी बाजूला काढलं आणि उरला तो इस्कंदर. फारसीतून येता येता तो सिकंदर झाला. बाराव्या शतकातल्या निजामीनं त्याच्यावर अख्खं फारसी महाकाव्य लिहिलं. कुराणात ज्या जुल्करनैन राजाची कथा येते तो सिकंदरच, असं अनेक भाष्यकार मानत आले. पुढे तो आमच्या मोहल्ल्यात आला. माझ्या ओळखीत आजही दोन सिकंदर आहेत. त्यांपैकी एक टेम्पो चालवतो, आणि जग जिंकण्याचा त्याचा काही इरादा नाही. हिंदी सिनेमानं तर सिकंदर हा जिंकणाऱ्या माणसाचा समानार्थी शब्द करून टाकला. अथेन्सहून कुणी त्याबद्दल निषेधाचा खलिता पाठवल्याचं ऐकिवात नाही. याचं कारण उघड आहे. आमच्या सिकंदरामुळे ग्रीसच्या सीमेला धक्का लागत नाही.

खरी मेख ही आहे. भांडण इतिहासाचं दिसतं, पण त्याच्या पोटात आहे ती जमीन.

उस्मानी साम्राज्यात मॅसिडोनिया नावाचा एकच एक प्रांत नव्हता. तो एक मोठा, ढोबळ प्रदेश होता. त्यात स्लाव्ह, ग्रीक, तुर्क, अल्बेनियन, व्लाख, रोमा आणि ज्यू असे सगळे शेजारी-शेजारी राहत. फ्रेंच लोक निरनिराळ्या भाज्या किंवा फळं चिरून एकत्र केलेल्या पदार्थाला 'मासेद्वान' म्हणतात, तो शब्द याच मुलखाच्या नावावरून पडला. प्रत्येक गावाला तीन-चार नावं. ज्याला ग्रीक थेसालोनिकी म्हणतात त्याला स्लाव्ह सोलून म्हणत आणि तुर्क सेलानिक. केमाल अतातुर्क तिथला, नाझिम हिकमत हा कवीही तिथलाच. स्लाव्ह लोक ज्या सिरिलिक लिपीत लिहितात ती ज्या सिरिल नावाच्या साधूच्या नावानं ओळखली जाते, तोही नवव्या शतकात याच शहरात जन्मला. नदीचंही तसंच. स्कोपियेच्या मधोमध वाहते ती वार्दार. तीच सीमा ओलांडून ग्रीसमध्ये गेली की अक्सिओस होते आणि थेसालोनिकीजवळ समुद्राला मिळते. पाण्याला त्याचं काही वाटत नाही.

१९१२-१३च्या बाल्कन युद्धांत या प्रदेशाचे तुकडे पडले. १९१३च्या बुखारेस्ट तहानं सुमारे अर्धा भाग ग्रीसला गेला, बराच मोठा सर्बियाला आणि उरलेली लहानशी पट्टी बल्गेरियाला. सर्बियाच्या वाट्याला आलेला तुकडा पुढे युगोस्लाव्हियात गेला, आणि १९४४ साली टिटोच्या साथीदारांनी त्याला मॅसिडोनिया या नावानं वेगळं घटक राज्य केलं. तोच आजचा हा देश.

ग्रीसच्या बाजूला काय झालं तेही सांगायला हवं, नाही तर ग्रीक लोक नुसतेच हटवादी वाटतील. १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तानात माणसांची अदलाबदल झाली. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती लोक तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात गेले. निकष होता फक्त धर्माचा. त्यामुळे ग्रीकशिवाय दुसरी भाषा न येणारे मुसलमान तुर्कस्तानात पाठवले गेले, आणि घरात तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये. फाळणी पाहिलेल्या देशातल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. आलेल्या निर्वासितांपैकी पुष्कळांना ग्रीसनं मॅसिडोनियात वसवलं. म्हणजे आज उत्तर ग्रीसमध्ये जो माणूस 'मॅसिडोनिया आमचा' म्हणून छाती पिटतो, त्याचा पणजोबा कदाचित गाठोडं घेऊन तिथं उतरलेला निर्वासित होता. एकदा घर गमावलेल्या माणसाच्या वंशजाला दुसऱ्यांदा घराच्या नावावरून कुणी हटकलं तर तो बिथरणारच.

आणि त्याच भागात जे स्लाव्ह भाषा बोलणारे उरले होते त्यांचं काय? १९२६पासून त्यांच्या गावांची नावं बदलून ग्रीक झाली. मेटॅक्सासच्या हुकूमशाहीत, १९३६नंतर, त्यांना आपली भाषा चारचौघांत बोलायलाही बंदी झाली. पुढे ग्रीसमध्ये यादवी युद्ध पेटलं, त्यात त्यांच्यातले पुष्कळ जण कम्युनिस्टांच्या बाजूनं लढले. १९४८ साली हजारो मुलांना सीमेपलीकडे, पूर्व युरोपातल्या देशांत नेण्यात आलं. कम्युनिस्ट हरले आणि ती मुलं तिकडेच वाढली. १९८२ साली ग्रीसनं या यादवीतल्या निर्वासितांना परत यायला परवानगी दिली, पण ती फक्त 'वंशानं ग्रीक' असलेल्यांना. त्या दोन शब्दांनी किती घरं कायमची बंद केली असतील! म्हणून स्कोपियेहून कुणी 'मॅसिडोनिया' म्हटलं की अथेन्सला ऐकू यायचं, 'आमची उरलेली जमीन द्या.' आणि अथेन्सनं 'हे नाव घेऊ नका' म्हटलं की स्कोपियेला ऐकू यायचं, 'तुम्ही अस्तित्वातच नाही.' दोघांच्याही कानात दोष होता असं मी म्हणणार नाही. दोघांना तसं ऐकू येण्याजोगं पूर्वी घडलेलं होतं.

१९९१च्या सप्टेंबरमध्ये सार्वमत घेऊन मॅसिडोनिया स्वतंत्र झाला, तेही रक्ताचा थेंब न सांडता, जेव्हा शेजारी क्रोएशिया जळत होता. युरोपीय देशांनी नेमलेल्या कायदेपंडितांच्या समितीनं १९९२च्या जानेवारीत निर्वाळा दिला की हा देश मान्यतेला पात्र आहे आणि त्याच्या नावातून शेजाऱ्याच्या जमिनीवर दावा होतो असं म्हणता येत नाही. त्याच महिन्यात स्कोपियेनं घटनेत तसा खुलासाही घातला. उपयोग झाला नाही. फेब्रुवारीत थेसालोनिकीला प्रचंड मोर्चा निघाला. दहा लाख लोक होते असं संयोजकांचं म्हणणं. ग्रीक परराष्ट्रमंत्री अँटोनिस समारास इतके कडवे होते की पंतप्रधान मित्सोताकिसांनी त्यांना काढून टाकलं. त्यांनी वेगळा पक्ष काढला आणि १९९३ साली मित्सोताकिसांचं सरकार पाडलं. नावावरून सरकार पडण्याचा हा पहिला प्रसंग.

१९९४च्या फेब्रुवारीत ग्रीसनं शेजाऱ्याची नाकेबंदी केली. समुद्र नसलेल्या देशाला थेसालोनिकीचं बंदर म्हणजे नाकपुडी. उत्तरेच्या सर्बियावर तेव्हा राष्ट्रसंघाचे निर्बंध होते, म्हणजे दुसरी नाकपुडी आधीच बंद. अखेर १९९५च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला अंतरिम करार झाला. स्कोपियेनं झेंड्यावरचा सूर्य बदलायचा, ग्रीसनं नाकेबंदी उठवायची, आणि तात्पुरत्या नावानं हा देश आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये गेला तर ग्रीसनं आडवं यायचं नाही. नावाचा मुख्य प्रश्न मात्र चर्चेवर सोडला. करारानंतर काही आठवड्यांतच ग्लिगोरोव्ह यांच्या मोटारीवर बॉम्बहल्ला झाला. ते वाचले, एक डोळा गेला. त्याच आठवड्यात संसदेनं नवा झेंडा स्वीकारला. सूर्य आहेच, पण आठ किरणांचा.

चर्चेचं काम ज्याच्याकडे होतं त्या माणसाबद्दल मला अतोनात कुतूहल आहे. मॅथ्यू निमेट्झ, अमेरिकन वकील. १९९४पासून या वादात होता, १९९९पासून राष्ट्रसंघाचा दूत म्हणून. वर्षाला एक डॉलर मानधन. वीस वर्षांहून अधिक काळ हा गृहस्थ दोन राजधान्यांमध्ये विशेषणांची पिशवी घेऊन हिंडत राहिला. 'नवा' मॅसिडोनिया, 'वरचा' मॅसिडोनिया, 'वार्दार' मॅसिडोनिया, 'स्कोपिये' कंसात घालून मॅसिडोनिया. कवितेत एका शब्दावर आम्ही आठवडा घालवला तर घरचे वैतागतात. यानं एका विशेषणावर आयुष्याचा तिसरा हिस्सा घातला.

मधल्या काळात दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांनी जखम भरू दिली नाही. २००८ साली बुखारेस्टच्या परिषदेत ग्रीसनं मॅसिडोनियाचा नाटोप्रवेश रोखला. तो अंतरिम कराराचा भंग होता, असा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २०११मध्ये पंधरा विरुद्ध एक मतानं दिला. निकाल लागला, दार उघडलं नाही. तिकडे स्कोपियेत निकोला ग्रुएव्स्की यांच्या सरकारला सिकंदराचं वेड लागलं. ग्लिगोरोव्ह यांचं शहाणपण गुंडाळून ठेवून विमानतळाला अलेक्झांडरचं नाव दिलं, महामार्गालाही दिलं. 'स्कोपिये २०१४' या नावाखाली राजधानीत खांबांच्या इमारती आणि पुतळ्यांची अशी गर्दी केली की चालायला वाट उरेना. चौकात घोड्यावर बसलेला सिकंदर उभा राहिला, चौथऱ्यासकट वीस मीटरहून उंच. कागदोपत्री त्याचं नाव काय, तर 'अश्वारूढ योद्धा'! म्हणजे नावासाठी भांडणाऱ्या देशाला पुतळ्याचं नाव सांगायची मात्र चोरी. देशातल्या चौथाई अल्बेनियन लोकांना या सगळ्यात रस नव्हता. त्यांना २००१च्या सशस्त्र संघर्षानंतर झालेल्या ओह्रिड करारातले हक्क हवे होते आणि युरोपचा रस्ता हवा होता. त्यांच्या दृष्टीनं सिकंदर हे दुसऱ्याच्या लग्नातलं वाजंत्रं होतं.

मार्ग निघाला तो २०१७ नंतर, दोन्हीकडे नवी माणसं आल्यावर. स्कोपियेत झोरान झाएव्ह, अथेन्समध्ये अलेक्सिस त्सिप्रास. झाएव्ह यांनी आधी विमानतळाचं नाव काढलं, महामार्गाला 'मैत्री' म्हणू लागले. १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराच्या ग्रीक काठावरच्या प्सारादेस या खेड्यात दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या. साक्षीदार म्हणून सही केली ती निमेट्झनं. मग मंडळी होडीनं सरोवर ओलांडून पलीकडच्या काठावर जेवायला गेली.

नाव ठरलं 'उत्तर मॅसिडोनिया प्रजासत्ताक', आणि ते देशाबाहेर तसंच देशातही वापरायचं. व्हेर्गिनाचा सूर्य सार्वजनिक जागांवरून काढायचा. प्राचीन मॅसिडोनियाचा वारसा ग्रीकांचा, हे मान्य करायचं. बदल्यात भाषेचं नाव 'मॅसिडोनियन' हेच राहील आणि नागरिकांनाही 'मॅसिडोनियन' म्हणता येईल. मोटारींच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली, इंटरनेटवरची तशीच राहिली. इतक्या बारीकसारीक गोष्टी त्यात आहेत की घरवाटपाच्या कागदाची आठवण यावी: आड कुणाचा, गोठा कुणाचा, आंबा कुणाच्या हद्दीत.

दोन्हीकडे लोक चिडले. अथेन्सच्या मोर्चात नव्वदी पार केलेले थोर संगीतकार मिकिस थिओडोराकिस बोलायला उभे राहिले होते; ज्याला हुकूमशाहीनं तुरुंगात टाकलं होतं असा डावा माणूस या प्रश्नावर राष्ट्रवाद्यांच्या मंचावर गेला. स्कोपियेत ३० सप्टेंबरला सार्वमत झालं. प्रश्नात नव्या नावाचा उल्लेखच नव्हता. ग्रीसबरोबरचा करार स्वीकारून नाटो आणि युरोपियन युनियनमध्ये जायला तुमची संमती आहे का, इतकंच विचारलं होतं. नव्वद टक्क्यांहून अधिक मतं 'हो' पडली, पण मतदान झालं जेमतेम सदतीस टक्के. हवं होतं पन्नास. बाकीचे घरी बसले. त्यांचं मौन हेही एक मतच होतं. झाएव्ह यांनी संसदेचा रस्ता धरला. जानेवारी २०१९मध्ये घटनादुरुस्तीला एकशेवीसपैकी ऐंशी मतं लागत होती, एक्क्याऐंशी मिळाली. दोन आठवड्यांनी ग्रीक संसदेत १५३ विरुद्ध १४६. त्सिप्रास यांच्या आघाडीतला मित्रपक्ष बाहेर पडला आणि जुलैत ते निवडणूक हरले. त्यांच्या जागी आलेले पंतप्रधान कोण? १९९३ साली ज्यांचं सरकार याच नावानं पाडलं त्या मित्सोताकिसांचे चिरंजीव. विरोधात असताना त्यांनी कराराला विरोध केला होता, सत्तेत आल्यावर मोडला मात्र नाही. २०२०च्या मार्चमध्ये उत्तर मॅसिडोनिया नाटोचा तिसावा सदस्य झाला. जुन्या नावाचे पासपोर्ट २०२४च्या फेब्रुवारीपासून बाद झाले.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण दक्षिणेचा शेजारी राजी झाला तेवढ्यात पूर्वेचा उठला. आणि कवी म्हणून मला जास्त काळजी या दुसऱ्या भांडणाची वाटते, कारण ते भाषेचं आहे.

बल्गेरियानं या देशाला १९९२ साली सगळ्यांच्या आधी मान्यता दिली होती. पण त्यांचं म्हणणं असं की देश आहे, भाषा नाही. तुम्ही बोलता ती बल्गेरियनचीच बोली. १९९९ साली दोन्ही देशांना एका निवेदनावर सह्या करायच्या होत्या तेव्हा अशी शब्दरचना काढली: 'बल्गेरियाच्या घटनेनुसार बल्गेरियन भाषेत आणि मॅसिडोनियाच्या घटनेनुसार मॅसिडोनियन भाषेत.' म्हणजे भाषा आहे की नाही ते ज्यानं त्यानं आपल्या घटनेत पाहावं. वीस वर्षं या वाक्यानं काम चालवलं. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये बल्गेरियानं याच मुद्द्यांवर उत्तर मॅसिडोनियाची युरोपियन युनियनबरोबरची बोलणी अडवली.

दोन्ही भाषा एकमेकींच्या फार जवळच्या आहेत, यात शंका नाही. प्रमाण मॅसिडोनियनची लिपी आणि लेखननियम १९४५ साली ठरले. त्यात मोठा वाटा ब्लाझे कोनेस्की या तरुण कवीचा. पुढे व्याकरणही त्यानंच लिहिलं. बल्गेरियन अभ्यासक म्हणतात, पाहा, समितीत बसून केलेली भाषा. पण सगळ्याच प्रमाण भाषा कुणी ना कुणी बसूनच केलेल्या असतात. आपल्याकडे मेजर कँडी नावाच्या इंग्रज साहेबानं मराठीच्या पाठ्यपुस्तकांना वळण लावलं, म्हणून मराठी काही इंग्रजांनी घडवलेली ठरत नाही. बोलणारे आधी असतात, व्याकरण मागून येतं.

मला हे जरा अधिक लागतं याचं कारण वैयक्तिक आहे. एका जनगणनेच्या वेळी घरी आलेल्या माणसानं माझं नाव ऐकलं आणि मातृभाषेच्या रकान्यात न विचारता 'उर्दू' लिहिलं. आमच्या घरात दखनी आणि मराठी अशी एकाच ताटात वाढलेली असते. मी तीस वर्षं मराठीत कविता लिहितो आहे. त्याला मी रकाना खोडायला लावला, त्यानं खोडला, चहा घेतला आणि गेला. माझं काम पाच मिनिटांत झालं. अख्ख्या देशाच्या रकान्यात शेजाऱ्यानं आपल्या अक्षरात काही लिहिलं तर ते कसं खोडायचं?

मिलादिनोव्ह बंधूंचं उदाहरण घ्या. दिमितर आणि कॉन्स्टँटिन हे दोघे भाऊ ओह्रिड सरोवराच्या काठच्या स्ट्रुगा गावचे. गावोगाव फिरून त्यांनी लोकगीतं गोळा केली आणि १८६१ साली झाग्रेबमध्ये मोठा संग्रह छापला. पुढच्याच वर्षी दोघे भाऊ इस्तंबूलच्या तुरुंगात मरण पावले. त्या संग्रहाचं नाव 'बल्गेरियन लोकगीतं'. बल्गेरियाला यापुढे पुरावा नको. मॅसिडोनियन म्हणतात, त्या काळी तो शब्द वेगळ्या अर्थानं वापरत. आणि गाणी कुणाची, तर ती गाणाऱ्या बायांची, आणि त्या बाया आमच्या गावच्या. क्रांतिकारक गोत्से देलचेव्हचं तेच. जन्म कुकुशचा, ते गाव आता ग्रीसमध्ये, मारला गेला १९०३ साली, कबर स्कोपियेत, आणि मालकी सांगतात दोन राष्ट्रं. दोन्ही देशांच्या इतिहासकारांची एक संयुक्त समिती २०१७च्या मैत्री करारानंतर याचा निवाडा करत बसली आहे. मेलेल्या माणसाला तो कोण होता हे विचारता येत नाही, आणि विचारलं असतं तर त्यानं दिलेलं उत्तर कदाचित दोघांनाही आवडलं नसतं.

त्याच स्ट्रुगा गावात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर उन्हाळ्यात जगभरचे कवी जमतात. तिथला सुवर्ण-मुकुट १९८३ साली आपल्या हिंदीतल्या अज्ञेयांना मिळाला होता. महोत्सवाची सुरुवात होते ती कॉन्स्टँटिन मिलादिनोव्हच्या एका कवितेनं. दूर मॉस्कोच्या थंडीत राहताना त्यानं आपल्या उबदार मुलखाच्या ओढीनं लिहिलेली ती कविता, शीर्षक 'दक्षिणेची ओढ'. तो दक्षिण म्हणत होता तेच गाव आता सरकारी कागदावर उत्तरेत गेलं आहे.

२०२२च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या मध्यस्थीनं एक तोडगा निघाला: उत्तर मॅसिडोनियानं घटनेत बल्गेरियन अल्पसंख्याकांचा उल्लेख घालावा, म्हणजे पुढची बोलणी सुरू होतील. त्यासाठी पुन्हा ऐंशी मतं लागतात. लोक म्हणू लागले, एकदा नाव दिलं, आता आणखी काय काय द्यायचं? २०२४च्या मे महिन्यात त्यांनी झाएव्ह यांच्या पक्षाला घरी बसवलं. नव्या अध्यक्ष गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोव्हा शपथ घ्यायला उभ्या राहिल्या आणि देशाचं नाव नुसतं 'मॅसिडोनिया' असं उच्चारलं. समारंभाला आलेल्या ग्रीसच्या राजदूत उठून निघून गेल्या. नव्या सरकारनं बल्गेरियाची अट जशीच्या तशी मान्य करायला नकार दिला. तोवर युरोपच्या रांगेत अल्बानिया आणि उत्तर मॅसिडोनिया यांची जोडी एकत्र बांधलेली होती. त्या सप्टेंबरमध्ये युरोपियन युनियननं गाठ सोडली, आणि ऑक्टोबरात अल्बानिया एकटाच पुढच्या खोलीत गेला.